थिन पूलवर कंटेनर चालवताय? या चुका टाळा

कंटेनरमध्ये डीएफ (मोकळी जागा दाखवणारी कमांड) मारलं तर 40 टक्के जागा मोकळी, आणि तरी डेटाबेस लिहिताना एरर देतोय, फाइलसिस्टीम रीड-ओन्ली झालीये. माझी अर्धी रात्र यात गेली, कारण मी कंटेनरच्याच आत शोधत बसलो होतो. शेवटी होस्टवर (कंटेनर जिच्यावर चालतात त्या मशीनवर) एलव्हीएस (व्हॉल्यूमची यादी दाखवणारी कमांड) मारलं तेव्हा दिसलं, थिन पूल, म्हणजे सगळे कंटेनर ज्यातून जागा घेतात तो सामायिक साठा, त्याच्यासमोर डेटा 100.00, म्हणजे पूर्ण भरलेला. थिन व्हॉल्यूमची (कंटेनरला दिलेल्या डिस्कची) साइझ ही फक्त कबूल केलेली जागा असते, खरे ब्लॉक लिहिताना पूलमधून घेतले जातात, म्हणून 200 जीबीच्या पूलवर 50 जीबीचे आठ कंटेनर आरामात बनतात आणि एलव्हीएम (लिनक्समध्ये डिस्कची जागा वाटून देणारी यंत्रणा) एक वॉर्निंग देऊन गप्प बसतं. तेव्हा आधी होस्ट बघा.

बघताना मेटाचा कॉलम सोडू नका. डेटा 60 टक्क्यांवर असताना मेटाडेटा (कुठला ब्लॉक कोणाचा याची नोंद) भरू शकतो, स्नॅपशॉट (व्हॉल्यूमची त्या क्षणाची प्रत) जास्त असले की विशेष, आणि तो भरला तर दुरुस्ती जास्त अवघड जाते. मेटाडेटा एलव्हीएक्सटेंड कमांडने वेगळा वाढवावा लागतो, साधारण 16 जीबीपर्यंतच.

फाइल्स उडवल्या तरी पूल रिकामा होत नाही, हे खूप जणांना माहीत नसतं. ब्लॉक सुटले हे पूलला कळायला ट्रिम लागतो. अनप्रिव्हिलेज्ड कंटेनरच्या (होस्टवर रूटचे पूर्ण अधिकार नसलेल्या कंटेनरच्या) आतून एफएसट्रिम ही ट्रिमची कमांड चालत नाही, होस्टवरून चालवा, प्रॉक्समॉक्सवर (कंटेनर चालवायची सर्व्हर प्रणाली) त्यासाठी पीसीटी एफएसट्रिम आहे. आणि जुना स्नॅपशॉट तेच ब्लॉक धरून असेल तर तो काढल्याशिवाय जागा सुटणार नाही.

ऑटोएक्सटेंड (पूल भरत आला की तो वाढवणारी सोय) आपोआप चालू असतो असं समजू नका. एलव्हीएम डॉट कॉन्फ या सेटिंग फाइलमध्ये थ्रेशोल्ड (किती टक्के भरल्यावर वाढवायचं) डीफॉल्ट 100 असतो, म्हणजे बंदच. 80 ठेवा, वाढ 20 टक्के ठेवा, डीएमइव्हेंटडीचं (पूलवर लक्ष ठेवणाऱ्या सेवेचं) मॉनिटरिंग चालू आहे का बघा. पण व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (पूल ज्यातून कापला जातो त्या डिस्कच्या गटात) मोकळी जागाच नसेल तर वाढणार कुठून? सगळी डिस्क पूलला देऊन टाकायची सवय सोडा, थोडी राखून ठेवाच.

आणि पूल भरला की घाबरून रीबूट नको. डीफॉल्टला पूल 60 सेकंद राइट थांबवून ठेवतो, मग एरर द्यायला लागतो. ग्रुपमध्ये जागा असेल तर लगेच पूल वाढवा, कंटेनर थांबवून एफएससीके (फाइलसिस्टीमची तपासणी) करा. रीबूटनंतर पूल उठतच नसेल आणि मेसेजमध्ये टीमेटा (पूलच्या आतला मेटाडेटाचा व्हॉल्यूम; टीडेटा हा डेटाचा) ॲक्टिव्ह आहे म्हणून अडवतोय असं दिसलं तर टीमेटा, टीडेटा डीॲक्टिव्हेट करून पूल परत ॲक्टिव्हेट करा, एवढ्यानं बऱ्याचदा काम होतं. मॅन्युअल रिपेअर मागत असेल तरच पूल डीॲक्टिव्ह ठेवून एलव्हीकन्व्हर्ट कमांडचा रिपेअर चालवा. जुना मेटाडेटा नावाशेवटी मेटा0 लागून वेगळा व्हॉल्यूम म्हणून उरतो, सगळे कंटेनर उठून आतला डेटा तपासून होईपर्यंत तो अजिबात उडवू नका.