मोबाइलवर पान आडवं सरकतंय? या चुका टाळा

संगणकावर नीटनेटकं दिसणारं वेबसाइटचं पान फोनवर उघडलं, की उजवीकडे पांढरी पट्टी उरते आणि बोट लावताच पान आडवं हलतं. बहुतेक जण अशा वेळी आणखी एक मीडिया क्वेरी (ठरावीक रुंदीच्या पडद्यालाच लागू होणारा सीएसएस नियम) ठोकून मोकळे होतात. त्या फोनवर पट्टी जाते, दुसऱ्या फोनवर परत येते. दोष बहुधा क्वेरीत नसतोच. एखादा घटक पडद्यापेक्षा रुंद असतो आणि अख्ख्या पानाला आपल्यामागे ओढतो.

आधी तो घटक शोधा. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये रुंदी ३२० पिक्सेलवर आणा आणि सगळ्या घटकांना तात्पुरती लाल आउटलाइन द्या. बॉर्डर नको, ती जागा खाते आणि मोजमापच बदलतं. जी चौकट उजवीकडे बाहेर डोकावते, तिथे घोळ आहे. मुख्य रॅपरला (सगळा मजकूर सामावणाऱ्या चौकटीला) ओव्हरफ्लो हिडन (बाहेर गेलेला भाग लपवणारा नियम) लावून पट्टी लपवू नका. मजकूर कापला जातो, शिवाय त्यातलं स्टिकी हेडर (पान सरकवतानाही वर राहणारा शीर्षभाग) चिकटायचं थांबतं.

सापडणाऱ्या चुका ठरलेल्या असतात. मॅक्स-विड्थच्या जागी १२०० पिक्सेलची पक्की विड्थ. किंवा विड्थ १०० टक्के आणि दोन्ही बाजूंना २० पिक्सेल पॅडिंग (आतली मोकळी जागा), पण बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स (पॅडिंग रुंदीतच धरणारी सेटिंग) नाही, म्हणजे घटक ४० पिक्सेल बाहेर. पट्टी फक्त विंडोजवर दिसत असेल तर १०० व्हीडब्ल्यू (खिडकीची पूर्ण रुंदी) तपासा: त्या मापात उभ्या स्क्रोलबारची जागाही धरलेली असते. १०० टक्के लिहा.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती फ्लेक्स आणि ग्रिड या सीएसएसच्या मांडणी-पद्धतींमधली गडबड. कार्ड आकसायला हवं, पण आकसत नाही. फ्लेक्समधल्या घटकाची मिन-विड्थ मुळात ऑटो असते, त्यामुळे तो आतल्या सर्वांत लांब न तुटणाऱ्या शब्दाहून अरुंद होत नाही. कार्डात एखादा लांबलचक ईमेल पत्ता आला, की संपलं. त्या घटकाला मिन-विड्थ शून्य द्या, पत्त्याला ओव्हरफ्लो-रॅप एनिव्हेअर (गरज पडल्यास कुठेही तुटायची मुभा). ग्रिडमध्ये १ एफआरऐवजी (म्हणजे उरलेल्या जागेचा एक वाटा) मिनमॅक्स (०, १ एफआर) लिहा.

मीडिया क्वेऱ्या फोनवर लागूच होत नसतील तर व्ह्यूपोर्ट मेटा टॅग (पान फोनच्या रुंदीत मांड, असं ब्राउझरला सांगणारी एचटीएमएलची ओळ) राहिलाय. तो नसला की आयफोनचा सफारी पान ९८० पिक्सेल रुंद धरून आक्रसून दाखवतो. टॅग टाकताना झूम मात्र बंद करू नका. फॉर्मच्या रकान्यावर बोट ठेवताच आयफोनवर पान आपोआप मोठं होत असेल, तर त्यावर उपाय वेगळा आहे: रकान्यातल्या अक्षरांचा आकार किमान १६ पिक्सेल ठेवा.

पहिल्या पडद्यावरचं बटण तळाशी दडतंय? १०० व्हीएच (पडद्याची पूर्ण उंची) ही उंची फोनचा ॲड्रेस बार आत गेलाय असं धरून मोजली जाते. तिथे एसव्हीएच (ॲड्रेस बार दिसत असतानाच्या उंचीचं माप) वापरा, जुन्या ब्राउझरसाठी वरच्या ओळीत व्हीएच राहू द्या.

मराठी पानांचं आणखी एक दुखणं आहे. मांडणी इंग्रजी मजकुरावर बेततात आणि मराठी शेवटी भरतात. मग ‘सेव्ह’साठी बेतलेल्या बटणात ‘माहिती जतन करा’ दोन ओळींत मोडतं आणि ४० पिक्सेलच्या पक्क्या उंचीतून बाहेर सांडतं. हाइट काढा, मिन-हाइट आणि पॅडिंग द्या. लाइन-हाइट १.२ ठेवून वर ओव्हरफ्लो हिडन लावलं, तर ‘पारदर्शी’तला रफार कापला जाऊ शकतो. १.५ ते १.७ ठेवा. आणि इंग्रजी मथळ्यांसाठी दिलेलं लेटर-स्पेसिंग मराठीला शून्य करा, नाहीतर शिरोरेषेचे तुकडे पडतात.

शेवटची तपासणी खऱ्या फोनवरच करा. डेव्हलपर टूल्सच्या चौकटीत ना ॲड्रेस बार सरकतो, ना कीबोर्ड वर येतो. फोन हाताशी नसेल तर १२८० पिक्सेल रुंद खिडकीत झूम ४०० टक्के करा. निदान ३२० पिक्सेलची मांडणी डोळ्यांसमोर येईल.