दहावी सायन्सचं रेफरन्स बुक कसं निवडायचं, माझा अनुभव

मी स्टेट बोर्डच्या आठवी ते दहावीच्या मुलांना सायन्स शिकवते, त्यामुळे जून आला की पालक विचारतातच, मॅडम कुठलं रेफरन्स बुक घेऊ? नवीन शिकवायला लागलेले पण विचारतात, म्हणून इथे लिहितेय.

आधी बोर्ड बघा. दुकानात नुसतं "दहावी सायन्स" म्हटलं की बऱ्याचदा सीबीएसईचं जाडजूड पुस्तक हातात पडतं. पुस्तक वाईट नसतं हो, पण आपल्या दहावीच्या भाग १ मध्ये केप्लरचे नियम, मुक्तिवेग (वर फेकलेली वस्तू पृथ्वीच्या ओढीतून कायमची सुटायला लागणारा कमीत कमी वेग), पाण्याचं असंगत आचरण, दवबिंदू हे सगळं आहे आणि एनसीईआरटीच्या (सीबीएसईला हीच पुस्तकं असतात) दहावीत उष्णतेचा वेगळा धडाच नाही, मुक्तिवेग तर त्यांच्याकडे थेट अकरावीत येतो. उलट ओहमचा नियम त्यांच्या दहावीत, आपली पोरं तो नववीतच करून आलेली असतात. म्हणजे हजार पानं घेऊन निम्मी कामाची नाहीत आणि जे हवं तेच नाही.

आता खरी परीक्षा. कुठलंही पुस्तक उचला आणि मुक्तिवेगाचं पान उघडा. नुसतं सूत्र चौकटीत टाकून खाली ११.२ किमी प्रति सेकंद लिहिलं असेल तर परत ठेवा, कारण ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून ते कसं आलं हे बालभारतीच्या पुस्तकातच दिलंय, मग हे विकत कशाला? चांगलं पुस्तक त्याच्या पुढे जातं, दगड आणि रॉकेट दोघांना तोच वेग का लागतो हे विचारतं, चंद्रावर तो जेमतेम २.४ का आणि तिथे वातावरण टिकत नाही याचा त्याच्याशी काय संबंध ते सांगतं. मला स्वतःला अशी पानं असलेलं एक पुस्तक पाच गाइडांपेक्षा जास्त मोलाचं वाटतं, आणि एकच घ्या, खरंच.

पण बालभारतीचं "करून पहा" आणि "जरा डोके चालवा" न सोडवता रेफरन्सला हात लावू देऊ नका. पीडीएफ फुकट मिळते.

आठवीपर्यंत तर मी रेफरन्स सुचवतच नाही, टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या साइटवर मराठी पुस्तकं आणि खेळण्यांचे प्रयोग आहेत ते करू दे. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेला सहावीत किंवा नववीत बसणार असेल तर एनसीईआरटीची पुस्तकं जोडीला ठेवा.

पुण्यात अप्पा बळवंत चौकातून जुनं घेणार असाल तर आवृत्ती बघून घ्या, दहावीचं सध्याचं पुस्तक २०१८ ला आलं, त्याआधीचं नको.