'डिपॉझिट गेलं' लिहिताय? या चुका टाळा

निकालाच्या दुपारी बेळगाव सीमाभागात खानापूरपासून निपाणीपर्यंत मोबाइलवर एकच वाक्य फिरत असतं : 'डिपॉझिट गेलं!' हजारभर मतांनी पडलेल्या उमेदवारालाही ते बिनदिक्कत चिकटवलं जातं. उमेदवार पडणं वेगळं आणि त्याची अनामत, म्हणजे अर्ज भरताना ठेवलेली रक्कम, जप्त होणं वेगळं. चुकीचं लिहिलं तर त्या माणसाच्या नावावर खोटी नामुष्की बसते आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत लोक तीच धरून बसतात.

सगळ्यात जास्त चुकतो तो हिशेब. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १५८ प्रमाणे निवडून न आलेल्या उमेदवाराला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली, तर अनामत परत मिळते. काही जण विजयी उमेदवाराच्या मतांचा सहावा हिस्सा काढतात, काही मतदारयादीतल्या एकूण नावांचा. दोन्ही चूक. समजा, वैध मतं १,२०,००० आहेत. सहावा हिस्सा झाला २०,०००. बरोबर २०,००० मतं घेणाऱ्याची अनामत जप्त होते, २०,००१ घेणाऱ्याची वाचते. 'नोटा'ची, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' या पर्यायाची मतं या बेरजेत धरायची नाहीत. ती धरली की आकडा फुगतो आणि काठावरचा उमेदवार उगाच बुडालेला दिसतो. विजयी उमेदवाराला मात्र एक षष्ठांशाची अट नाही. मतं कितीही विभागली गेली तरी त्याची रक्कम त्याला परत मिळते.

रक्कम विधानसभेला १०,००० रुपये, लोकसभेला २५,०००. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना त्याच्या निम्मी. अर्ज मुदतीत मागे घेतला किंवा छाननीत बाद झाला, तर ती परत मिळते. म्हणून माघार घेतलेल्याचं 'डिपॉझिट बुडालं' असं लिहू नका.

आता शब्दाकडे. कन्नड पेपरात 'ठेवणी' हा शब्द असतो आणि आपल्याकडे रोज दोन्ही भाषा कानावर पडत असल्यामुळे घाईत 'ठेव जप्त' असं लिहिलं जातं. मराठी वाचकाला ठेव म्हटलं की सोसायटीतली मुदत ठेव आठवते. निवडणुकीसाठी 'अनामत रक्कम' लिहा, नाहीतर सरळ 'डिपॉझिट'. ते सगळ्यांना कळतं. 'डिपॉझिट जप्ती झाली' असंही लिहू नका. जप्ती घरादारावर येते, डिपॉझिट जप्त होतं. 'पडला' आणि 'पाडला' यांतही गल्लत नको. 'पाडला' म्हटलं की कुणीतरी ठरवून पाडला असा अर्थ निघतो. तसं म्हणायला तुमच्याकडे आधार हवा.

आणखी एक चूक मला फार खटकते. १९९६ च्या लोकसभेला बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष जावं म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीने ही उमेदवारी अर्जांची रांग लावली होती. लोकसभेची अनामत तेव्हा ५०० रुपये होती. एवढ्या गर्दीत एक षष्ठांश गाठणं जवळजवळ कुणालाच शक्य नव्हतं, हे अर्ज भरणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. ते पैसे त्यांनी आपल्या म्हणण्याची किंमत म्हणून मोजले. त्या यादीला 'शेकडोंची नामुष्की' असं शीर्षक देणाऱ्याला सीमाभाग कळलेलाच नाही. त्याच वर्षी कायदा बदलला आणि लोकसभेची अनामत ५०० वरून थेट १०,००० वर गेली. बेळगावसारख्याच लांबलचक याद्या तेव्हाच्या आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) नलगोंडा आणि तमिळनाडूतल्या मोडकुरिचीतही लागल्या होत्या.

शेवटचं, ग्रामपंचायतीबद्दल. वरचं कलम लोकसभा-विधानसभेचं आहे. पंचायतीच्या निवडणुका राज्याच्या कायद्याने होतात, त्यामुळे इथला आकडा तिकडे लावू नका. गावातल्या उमेदवाराचं डिपॉझिट गेलं असं लिहिण्याआधी निवडणूक अधिकाऱ्याकडून खात्री करून घ्या.