नोटरी, अपोस्टील की दूतावास? कागदाला शिक्का घेण्याआधी

ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर नोटरीकडे जाण्याआधी एक काम करा. कागद ज्यांना द्यायचा आहे त्यांच्याकडून ईमेलवर उत्तर घ्या: मूळ कागद हवा की साक्षांकित प्रत, आणि अपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय लावतं तो शिक्का) हवं की दूतावासाचा शिक्का. हे न विचारता निघालेल्यांना बहुतेक वेळा सगळी फेरी पुन्हा करावी लागते.

कारण साधं आहे. एक शिक्का फक्त आधीच्या सहीची खात्री देतो, मजकूर खरा असल्याची नाही. ठाण्यातला नोटरी कोण हे परदेशातल्या कचेरीला कळणार कसं? म्हणून साखळी लागते, आणि मधली एक कडी सुटली की पुढचा अधिकारी कागद परत करतो.

इथल्या इथे वापरायच्या कागदांसाठी एवढं लागत नाही. राज्य सरकारच्या बहुतेक कामांना 2015 पासून स्वतः सही केलेली प्रत चालते. जिथे प्रतिज्ञापत्र लागतं तिथे आधी विचारा, कारण सरकारी कचेरीत किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. खासगी कामाला ऑक्टोबर 2024 पासून शंभरऐवजी पाचशेचा स्टँप लागतो. सही घरून करून नेऊ नका, नोटरीसमोरच करा. निघण्याआधी नोटरीच्या रजिस्टरचा अनुक्रमांक, तारीख आणि प्रत्येक पानावरचा शिक्का तपासा.

आता परदेश. एकमेकांचं अपोस्टील मान्य करणाऱ्या देशांचा हेग करार आहे; त्यातल्या देशांसाठी अपोस्टील. भारतात हा करार 14 जुलै 2005 पासून लागू आहे. सौदी अरेबिया डिसेंबर 2022 मध्ये आणि कॅनडा जानेवारी 2024 मध्ये करारात आल्याने जुनी माहिती तिथे चालत नाही. ओमान आणि बहारीन करारात आहेत; दुबई (म्हणजे यूएई), कतार, कुवेत नाहीत, त्यांच्यासाठी दूतावासाचा शिक्का. जर्मनी करारात आहे, पण भारताच्या प्रवेशाला तिने आक्षेप घेतला होता, त्यामुळे जर्मनीसाठी अपोस्टील करून घेणं म्हणजे पैसे वाया. त्यासाठी जर्मन दूतावासाची पडताळणीची वेगळी पद्धत आहे.

पदवी प्रमाणपत्राची वाट अशी: विद्यापीठाची पडताळणी, मग राज्य सरकारचा शिक्का (मंत्रालयात), मग परराष्ट्र मंत्रालय. जन्म-विवाहाच्या दाखल्यालाही राज्य सरकारचा शिक्का आधी. हा दाखला महापालिकेचा असावा, रुग्णालयाचा कागद चालत नाही. व्यापारी कागद चेंबर ऑफ कॉमर्सकडून जातात. परराष्ट्र मंत्रालय खिडकीवर अर्ज घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच द्यावा लागतो. परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील शुल्क कागदामागे 50 रुपये, एजन्सीचा आकार वेगळा. म्हणजे कोणी हजारोंचा आकडा सांगितला तर तो धावपळीचा मोबदला आहे, सरकारी फी नाही. दुबईसाठी यापुढे वाणिज्य दूतावास आणि तिथे पोचल्यावर तिथलं परराष्ट्र खातं, असे आणखी दोन टप्पे. सीबीएसईसारख्या ई-सनद पोर्टलशी (कागद ऑनलाइन तपासण्याचं सरकारी संकेतस्थळ) जोडलेल्या संस्थांचे कागद असतील तर अर्ज ऑनलाइन होतो.

अपोस्टीलचा स्टिकर कागदाच्या पाठीमागे चिकटतो, त्यामुळे मागची बाजू कोरी ठेवा. लॅमिनेट केलेल्या प्रमाणपत्रावर शिक्का बसत नाही. इस्त्री फिरवून प्लास्टिक सोडवायला गेलात तर शाई निघते. त्यापेक्षा दुसरी प्रत काढा. आणि झेरॉक्सवाल्याला जोडलेल्या पानांची पिन काढू देऊ नका. पिनेची दोन-दोन भोकं दिसली की पान बदललं का, हा प्रश्न येतोच.

उलट दिशेचा कागद जास्त अडतो: मुलगा परदेशात, फ्लॅट घोडबंदर रोडला, आणि विक्रीसाठी कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) हवंय. परदेशातल्या कागदावर तुम्हाला इथे अपोस्टील मिळत नाही, ते तिथलंच लागतं. अमेरिकेत नोटरी आणि मग राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचं अपोस्टील, किंवा भारतीय वाणिज्य दूतावासात सही. दुबईहून भारतीय वाणिज्य दूतावासाचीच वाट धरा. मजकुरात फ्लॅट क्रमांक, इमारत, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ स्पष्ट लिहा. ‘माझ्या सर्व मिळकती’ असं मोघम लिहिलं की दुय्यम निबंधक (दस्त नोंदवणारे अधिकारी) हरकत घेतात.

कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरायचा असतो. मुदत सहीच्या तारखेपासून नाही, इथे पोचल्यापासून मोजतात. म्हणून कुरिअरचं पाकीट आणि पोचपावती फेकू नका, पुरावा तोच आहे. मोबदला न घेता आई-वडील, भाऊ-बहीण, नवरा-बायको अशा जवळच्या नातलगाला विक्रीचा अधिकार दिला तर 500 रुपये. मित्राला दिला तर खरेदीखताच्या दराने, आणि तिथे लोकांचे डोळे पांढरे होतात. फ्लॅट खारघरला असेल तर पत्ता नवी मुंबईचा असला तरी जिल्हा रायगड आहे, तेव्हा ठाण्याच्या कचेरीत चकरा मारू नका.

दस्त नोंदणीच्या दिवशी मूळ कुलमुखत्यारपत्रासोबत एक घोषणापत्रही लागतं: देणारा हयात आहे आणि अधिकार रद्द केलेला नाही. आदल्या रात्री फोन करून खात्री केल्यावरच त्यावर सही करा, कारण खोटं निघालं तर जबाबदारी सही करणाऱ्यावर येते.