जुन्या प्लेस्टेशनचे गेम संगणकावर नीट दिसण्यासाठी काय करावं

पहिल्या प्लेस्टेशनचा गेम आजच्या मोठ्या मॉनिटरवर लावला, की बहुतेक जण सर्वात आधी रिझोल्यूशन वाढवतात. चित्र धारदार होतं खरं, पण भिंती पूर्वीपेक्षा जास्त थरथरताना दिसतात, जमिनीवरच्या फरश्या वाकतात, आणि ‘तेव्हाचं ग्राफिक्स असंच होतं’ म्हणत गेम बंद केला जातो. हे टाळता येतं. त्यासाठी बदलांचा क्रम पाळावा लागतो: आधी आकार, मग रिझोल्यूशन, मग रंग. हाताने काढलेल्या किंवा आधीच तयार करून ठेवलेल्या सपाट चित्रांना हात लावायचा तो सगळ्यात शेवटी आणि जपून.

इथे डकस्टेशन हा इम्युलेटर, म्हणजे संगणकावर प्लेस्टेशनची नक्कल करणारा प्रोग्राम, धरून सांगतो. तो विंडोज, लिनक्स आणि मॅकवर चालतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवरही १०८०पी पर्यंत सहसा अडचण येत नाही.

तयारी

दोन गोष्टी लागतात: तुमच्या स्वतःच्या कन्सोलमधून काढलेली बायोस फाइल (कन्सोल सुरू करणारा मूळ प्रोग्राम) आणि तुमच्या डिस्कची प्रत. प्लेस्टेशनची डिस्क संगणकाच्या साध्या सीडी-डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचता येते. प्रत ‘बिन’ आणि ‘क्यू’ अशा दोन फाइलींच्या जोडीने घ्या, आयएसओ करू नका. कितीतरी गेमचं संगीत त्याच डिस्कवर ऑडिओ सीडीसारख्या वेगळ्या ट्रॅकमध्ये असतं आणि आयएसओ केली की ते मागे राहतं.

सेटिंग्जना हात लावण्यापूर्वी गेममधली एक जागा निवडा. लांबलचक फरशी, एखादी भिंत आणि कोपऱ्यात थोडी अक्षरं असतील तर उत्तम. तिथे सेव्ह स्टेट करून ठेवा, म्हणजे गेमची त्या क्षणाची स्थिती साठवा. प्रत्येक बदलानंतर त्याच जागी परत या आणि कॅमेरा हळूहळू फिरवून बघा. स्थिर चित्रावरून काहीच कळत नाही, कारण इथले बहुतेक दोष हालचालीतच दिसतात.

१. थरथर थांबवा

प्लेस्टेशन ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये विक्रीला आलं. त्याच्या प्रोसेसरला जोडलेलं एक गणित करणारं एकक त्रिमितीय बिंदू पडद्यावर कुठे पडतील ते काढतं, पण उत्तर पूर्णांकात देतं आणि अपूर्णांक सोडून देतं. ठिपक्यांच्या रांगोळीत रेषेचं टोक ठिपक्यावरच येतं, दोन ठिपक्यांच्या मध्ये कुठेही नाही, तसंच हे. कॅमेरा जरासा सरकला, की भिंतीचा एक कोपरा पुढच्या ठिपक्यावर उडी मारतो आणि दुसरा जागच्या जागी राहतो. म्हणून भिंत थरथरते.

फरश्या वाकण्याचं कारण वेगळं आहे. पृष्ठभागावर टेक्स्चर, म्हणजे त्यावर चिकटवायचं चित्र, चढवताना हे यंत्र जवळचा भाग आणि लांबचा भाग असा भेद करत नाही, त्यामुळे ज्या त्रिकोणांनी आकार बनतात, त्या प्रत्येकाच्या कडेशी रेष मोडते.

दोन्हींवर उपाय एकच: पीजीएक्सपी. इम्युलेटर गेमची आकडेमोड चालू असताना गाळले जाणारे अपूर्णांक बाजूला जपून ठेवतो आणि चित्र काढायच्या वेळी वापरतो. ग्राफिक्सच्या सेटिंग्जमध्ये ‘पीजीएक्सपी जॉमेट्री करेक्शन’ चालू करा आणि सोबतचं ‘टेक्स्चर करेक्शन’ही चालू ठेवा. मी तरी सगळ्या यादीतून एकच सेटिंग निवडायची झाली तर हीच निवडेन. याने गेमचं जग पहिल्यांदा घट्ट उभं राहतं.

काही गेम ते बिंदू स्वतःच्या पद्धतीने पुन्हा हाताळतात. तिथे जपलेले अपूर्णांक हरवतात आणि थरथर तशीच राहते. अशा वेळी पीजीएक्सपीचा ‘सीपीयू मोड’ लावून बघा. तो प्रोसेसरवर जड पडतो, म्हणून गरज असेल तिथेच. ‘डेप्थ बफर’ मात्र बंदच ठेवा. मूळ यंत्रात तशी सोयच नव्हती. कुठला त्रिकोण पुढे आणि कुठला मागे हे गेम स्वतः क्रम लावून ठरवायचे. बाहेरून दुसरा नियम लादला तर अनेक गेममध्ये वस्तू गायब होतात.

२. आता रिझोल्यूशन

मूळ चित्र बहुधा ३२० बाय २४० च्या आसपासचं. १०८०पी मॉनिटरसाठी ‘इंटर्नल रिझोल्यूशन’ ५ पट आणि ४के साठी ९ पट पुरतं. त्याहून वर नेण्यात अर्थ नाही. लॅपटॉप तापतो, एवढंच. पडद्याचं प्रमाण ४:३ ठेवा.

रिझोल्यूशनने आकारांच्या कडा स्वच्छ होतात, टेक्स्चर मात्र होतं तेवढंच लहान राहतं. १९९६ च्या क्रॅश बँडिकूटमध्ये क्रॅशचं शरीर बहुतांशी टेक्स्चर न वापरता रंगवलेल्या त्रिकोणांचं आहे, म्हणून तो मोठ्या रिझोल्यूशनवर सुरेख दिसतो. चेहऱ्यावर छोटं चित्र चिकटवलेली पात्रं तेवढी खुलत नाहीत.

३. रंग

हे यंत्र १५ बिटांत रंग दाखवायचं, म्हणजे एकूण ३२,७६८ छटा. आकाशासारख्या ठिकाणी पट्टे दिसू नयेत म्हणून ते ठिपक्यांची जाळी टाकायचं, जिला डिथरिंग म्हणतात. जुन्या टीव्हीवर ती मिसळून जायची, आजच्या पडद्यावर ती कण-कण दिसते. ‘ट्रू कलर’ निवडलं की जाळी जाते आणि छटा सलग होतात. १९९९ च्या सायलेंट हिलसारख्या गेममध्ये मात्र मी डिथरिंग राहू देतो. धुकं आणि अंधारच जिथे सगळं काम करतात, तिथे तो खरखरीतपणा हवाच.

४. टेक्स्चर फिल्टर आणि तयार पार्श्वभूमी

इथे सर्वात जास्त नासधूस होते. ‘बायलिनिअर’ फिल्टर टेक्स्चरचे चौकोनी ठिपके मऊ करतो, पण झाडाची पानं, जाळ्या आणि अक्षरांच्या भोवती मळकट कडाही आणतो. त्रिमितीय भागासाठी तो आवडला तर ठेवा, स्प्राइटसाठीचा, म्हणजे सपाट द्विमितीय चित्रांसाठीचा, फिल्टर वेगळा असतो, तो मात्र बंद करा. माझ्या मते दोन्ही बंद असलेले बरे, कारण त्या काळच्या चित्रकारांनी एकेक ठिपका विचार करून ठेवलेला असतो आणि तो तसाच दिसला पाहिजे.

१९९६ चा रेझिडेंट ईव्हिल किंवा १९९७ चा फायनल फँटसी ७ घ्या. यांतल्या खोल्या आणि रस्ते ही आधीच बनवून डिस्कवर ठेवलेली चित्रं आहेत. रिझोल्यूशन कितीही वाढवा, ती तशीच राहतात. त्यांच्यावर फक्त पात्रं धारदार होतात आणि मग ती पार्श्वभूमीवर चिकटवल्यासारखी दिसतात. इथे ‘डाउनसॅम्पलिंग’ वापरा. चित्र आधी मोठं काढून पुन्हा मूळ मापाला आणलं जातं, त्यामुळे पात्रांच्या कडा गुळगुळीत होतात आणि खोलीशी जुळतात.

५. सीआरटी शेडर आणि रुंद पडदा

डाउनसॅम्पलिंगच्या जोडीला पोस्ट-प्रोसेसिंगमधून सीआरटी शेडर, म्हणजे जुन्या काचेच्या टीव्हीचा भास आणणारा परिणाम, लावला, तर पात्र आणि पार्श्वभूमी आणखी एकजीव होतात. त्यातल्या आडव्या रेषा ठळक नकोत, हलक्याच हव्यात. पडदा गोल वाकवण्याचा पर्याय बंद करा, आणि शेडरने चित्र अंधारलं तर मॉनिटरची चमक थोडी वाढवा.

‘वाइडस्क्रीन रेंडरिंग’ मी सहसा टाळतो. त्रिमितीय भाग रुंद होतो, पण आयुष्याची पट्टी आणि अक्षरं ताणली जातात. मूळ चौकटीबाहेरच्या वस्तू गेम काढतच नाही, त्यामुळे त्या कडेला अचानक उगवतात.

६. प्रत्येक गेमची वेगळी सोय

यादीत गेमवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. तिथे केलेले बदल फक्त त्या गेमला लागू होतात. सगळ्यांसाठी पीजीएक्सपी, ५ पट आणि ट्रू कलर ठेवावं, आणि अपवाद इथे नोंदवावेत. १९९७ चा कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइट हा असाच एक अपवाद. तो जवळपास पूर्ण द्विमितीय आहे, त्याला वरच्या बहुतेक दुरुस्त्यांचा उपयोग नाही. त्याला मूळ रिझोल्यूशन, ४:३ प्रमाण आणि हलका सीआरटी शेडर द्या, फिल्टर एकही नको.