ज्यू इतिहासाचा मायनर : पुण्यातून सुरुवात कशी करावी

यहुदी धर्म आणि ज्यू इतिहास मायनर म्हणून, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयासोबतचा दुय्यम विषय म्हणून, अभ्यासू इच्छिणाऱ्याने महाविद्यालयाच्या यादीत नेमके हेच नाव शोधत बसू नये. ते नसल्यास इतिहासाचा किंवा तत्त्वज्ञानाचा मायनर घ्यावा आणि त्यातील प्रकल्प व निबंध या विषयाकडे वळवता येतील का, हे प्राध्यापकांना पहिल्याच सत्रात विचारावे.

सुरुवात बेने इस्राएल या महाराष्ट्रातील ज्यू समाजापासून करावी, कारण मराठी ही त्यांचीच भाषा आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवणारे हे लोक ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. पेणकर, रोहेकर यांसारखी त्यांची आडनावे गावांवरून आली आहेत. नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून पूर्वज वाचले, ही त्यांची परंपरा आहे. ती आदराने नोंदवावी, पण कागदोपत्री पुराव्याच्या रकान्यात लिहू नये. नवख्या अभ्यासकाची पहिली चूक बहुधा इथेच होते. वल्हांडणाच्या, म्हणजे इजिप्तमधील गुलामगिरीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचली जाणारी हगादा ही पोथी १८७४ साली पुण्यात हिब्रू व मराठीत छापली गेली होती, आणि माझ्या मते प्रकल्पासाठी याहून चांगला विषय शोधावा लागणार नाही.

कॅम्पातील ‘लाल देऊळ’, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ), बगदादी ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतले. ते १८६७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पूर्ण झाले. रास्ता पेठेतील सुक्कथ शेलोमो मात्र बेने इस्राएलांचे. एकाच शहरात दोन समाजांची दोन प्रार्थनास्थळे का, हा प्रश्न घेऊनच तिथे जावे. भेटीची परवानगी आधी मागावी. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत वही-पेन आणि कॅमेरा घरी ठेवावा, कारण शब्बाथला लिहिणे परंपरेने निषिद्ध आहे.

हिब्रूची २२ अक्षरे सुट्टीत शिकून घ्यावीत. पंचांग पाहणाऱ्या घरातील विद्यार्थ्याला ज्यू कालगणना फारशी परकी वाटणार नाही, कारण तीही चांद्र महिने सौर वर्षाशी जुळवण्यासाठी १९ वर्षांत ७ अधिक महिने धरते.

एवढी तयारी झाल्यावर इ. स. ७० मधील जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस, ताल्मूद या धर्मनियम व चर्चांच्या ग्रंथाची जडणघडण, १४९२ मधील ज्यूंची स्पेनमधून हकालपट्टी आणि विसाव्या शतकात नाझींनी केलेला ज्यूंचा नरसंहार हे टप्पे क्रमाने वाचावेत. थेट शेवटच्या टप्प्यापासून सुरुवात करणाऱ्याला ज्यू केवळ बळी म्हणून दिसतात, आणि त्यांची शतकानुशतकांची ग्रंथपरंपरा व वादविवाद नजरेआड होतात.