दवाखान्यांचा कचरा जाळणाऱ्या भट्टीची माहिती रहिवाशांनी कशी मागावी

गोवंडीच्या रहिवाशांनी वस्तीलगतच्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या भट्टीविरुद्ध अनेक वर्षे दाद मागितली, तेव्हा कुठे 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दोन वर्षांत अन्यत्र हलवण्यास सांगितले. आपल्या गावाजवळ अशी भट्टी असेल किंवा येऊ घातली असेल, तर "हा धूर घातक आहे का?" असे अधिकाऱ्यांना विचारून फारसे काही हाती लागत नाही, कारण "सर्व काही नियमानुसार आहे" हे उत्तर तयारच असते. त्यापेक्षा कागद मागावा, आणि तो नेमका नाव घेऊन मागावा.

प्रकल्प अजून प्रस्तावित असेल, तर त्याची फाईल केंद्राच्या 'परिवेश' या पर्यावरण मंजुरीच्या संकेतस्थळावर पाहावी. जनसुनावणी लागणार असल्यास 2006 च्या अधिसूचनेनुसार किमान 30 दिवस आधी नोटीस निघते आणि पर्यावरण आघात मूल्यमापनाचा, म्हणजे प्रकल्पाचा परिसरावर काय परिणाम होईल त्या अहवालाचा मसुदा, स्थानिक भाषेतील सारांशासह, जिल्हाधिकारी कार्यालयात व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात पाहायला मिळतो. त्यातले वाऱ्याच्या दिशेचे चित्र आधी उघडावे. मोजणी कोणत्या महिन्यांत झाली आणि आपली वस्ती वाऱ्याच्या कोणत्या बाजूला येते, हे तिथे कळते. वस्ती नकाशावर दाखवलेलीच नसेल, तर तीच पहिली लेखी हरकत.

भट्टी चालू असेल, तर मंडळाच्या संमतीपत्राची, म्हणजे भट्टी चालवण्याच्या परवानगीची, अटींसह प्रत मागावी. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार चालकाने वार्षिक अहवाल स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवायचा असतो, तोही तपासावा. भट्टीच्या पहिल्या कक्षात, जिथे कचरा जळतो, सुमारे 800 आणि त्यातून निघालेला वायू जाळणाऱ्या दुसऱ्या कक्षात सुमारे 1050 अंश सेल्सिअस तापमान, तसेच वायूला दुसऱ्या कक्षात किमान 2 सेकंद मुक्काम मिळणे बंधनकारक आहे. तापमान घसरले की डायॉक्सिनसारखी विषे तयार होण्याचा धोका वाढतो, म्हणून तापमानाची तासागणिक नोंद सर्वांत मोलाची. डायॉक्सिन व फ्युरानची मर्यादा दर घनमीटर वायूमागे, विषारीपणाच्या सममूल्यात (वेगवेगळी विषे एकाच मापात आणून), 0.1 नॅनोग्रॅम आहे. मात्र ही तपासणी वर्षातून एकदाच होते. वर्षभराची ग्वाही एका दिवसाच्या नमुन्यावर उभी असल्याने त्या दिवशी किती कचरा जाळला आणि एरवी रोज किती जाळला जातो, हे दोन्ही आकडे विचारावेत. धूर शुद्धीकरण यंत्रणेला वगळून थेट बाहेर सोडणारी आपत्कालीन झडप कधी व किती वेळ उघडली, याची नोंदही न विसरता मागावी.

माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून करता येतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द एवढीच मुभा असल्याने तापमान, चाचणी आणि संमतीपत्र यांसाठी वेगवेगळे अर्ज करणे सोयीचे पडते. उत्तराची मुदत 30 दिवस, त्यानंतर पहिले अपील दाखल करायलाही 30 दिवस. "व्यापारी गोपनीयता" म्हणून नकार आला, तर कलम 8(1)(घ) मध्येच व्यापक लोकहिताचा अपवाद आहे, तो अपिलात लिहावा.

या सगळ्याच्या जोडीला घरी एक वही ठेवावी: तारीख, वेळ, धुराचा रंग, वास, वारा कुठून होता. "मंगळवारी रात्री 11 ते 12 या वेळेतील दुसऱ्या कक्षाच्या तापमानाची नोंद द्यावी" असा अर्ज वहीतल्या नोंदीवरून लिहिता येतो, आणि त्याला मोघम उत्तर देणे अवघड असते.